एसडीकेच्या तीन बिल्ड स्क्रिप्ट एकमेकींपासून दूर चालल्या आहेत. त्या एकत्र कशा आणाव्यात?

प्रश्न
गोदाकाठ (अंबड)

नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा सहा जणांचा गट आहे. वीजमापक, तापमान नियंत्रक अशा उपकरणांमधील आकडे मॉडबस या औद्योगिक संपर्कपद्धतीवरून वाचून देणारी एक एसडीके (इतर प्रोग्रामरांनी वापरायची लायब्ररी आणि तिच्यासोबतच्या फाइली) आम्ही गेली सात वर्षे तयार करतो आणि सांभाळतो. आतले काम सी प्लस प्लसमध्ये आहे. वापरणाऱ्याला दिसणारी, फंक्शनांच्या घोषणा असलेली हेडर फाइल मात्र साध्या सीमध्ये आहे. सातपूर, अंबड आणि सिन्नर येथे कंट्रोल पॅनेल बनवणारे जे लहान उद्योग आहेत, त्यांचे प्रोग्रामर आमची लायब्ररी आपल्या प्रोग्रामला जोडतात आणि तो प्रोग्राम यंत्राशेजारच्या संगणकावर चालवतात.

सुरुवातीला फक्त विंडोज होते आणि बिल्डसाठी, म्हणजे सोर्समधून लायब्ररी तयार करण्यासाठी, एका बॅच फाइलवर भागत होते. पुढे काही ग्राहकांनी पॅनेलमध्ये एआरएम प्रोसेसरचे लहान बोर्ड बसवायला सुरुवात केली, म्हणून लिनक्ससाठी बॅश स्क्रिप्ट लिहिली. त्यानंतर एका ग्राहकाच्या प्रोग्रामरांकडे मॅक असल्यामुळे त्याच बॅश स्क्रिप्टची नक्कल करून तिसरी स्क्रिप्ट केली. आज बॅच फाइल सुमारे ४०० ओळींची आहे आणि उरलेल्या दोन प्रत्येकी ३०० ओळींच्या आसपास आहेत. कोणत्या फाइली कंपाइल करायच्या, कंपायलरला कोणते पर्याय द्यायचे, झिपमध्ये काय घालायचे, ही एकच माहिती तीन ठिकाणी लिहिलेली आहे.

गेल्या महिन्यात याची किंमत मोजावी लागली. एकाच वेळी अनेक रजिस्टर वाचण्याचे नवे फंक्शन आम्ही दिले. त्याची सोर्स फाइल लिनक्स आणि मॅकच्या स्क्रिप्टमध्ये घातली गेली, विंडोजच्या बॅच फाइलमध्ये घालायची राहिली. हेडर मात्र तिन्ही झिपमध्ये नवेच होते. त्यामुळे विंडोजच्या ग्राहकाला फंक्शनची घोषणा दिसत होती, पण डीएलएलमध्ये (विंडोजवरील लायब्ररीच्या फाइलीत) ते फंक्शन नव्हते. सिन्नरच्या एका कारखान्यात दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू करून द्यायचे होते, आणि आदल्या संध्याकाळी तेथील प्रोग्रामरला लिंकरने, म्हणजे प्रोग्रामला लायब्ररी जोडणाऱ्या साधनाने, 'अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्नल सिम्बॉल' असा संदेश दिला. रात्री अकरा वाजता आम्ही नवी झिप पाठवली. त्या प्रोग्रामरचा गेलेला वेळ आमच्यामुळे गेला, ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

लहान अडचणीही आहेत. आवृत्तीचा क्रमांक हेडरमध्ये लिहिण्यासाठी आम्ही सेड हे मजकूर बदलणारे साधन वापरतो. मॅकच्या झिपमध्ये नावाच्या शेवटी 'हायफन ई' लागलेल्या अनोळखी फाइली सापडल्या. लिनक्सवर नीट चालणारी बॅशमधील नावांनुसार मांडलेली यादी, म्हणजे असोसिएटिव्ह ॲरे, मॅकवर चालतच नाही. विंडोजवर तपासलेली एक स्क्रिप्ट लिनक्सच्या झिपमध्ये गेली आणि ग्राहकाकडे 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून अडली.

मला विचारायचे आहे ते असे, की या तिन्ही स्क्रिप्ट मोडून सगळे सीमेक या बिल्डच्या साधनावर न्यावे, की पायथनमध्ये एकच स्क्रिप्ट लिहावी? चालू ग्राहकांना धक्का न लावता हा बदल टप्प्याटप्प्याने कसा करावा? आणि आमच्याकडे मॅक एकच असताना तिन्ही प्रणालींवर नियमित तपासणी कशी ठेवावी?

उत्तर १
द्राक्षबाग (गंगापूर रोड)

आपल्या तीन स्क्रिप्टमध्ये दोन वेगळी कामे मिसळली आहेत, आणि ती आधी वेगळी केल्याशिवाय साधनाची निवड करू नये, असे मला वाटते. पहिले काम म्हणजे माहिती: लायब्ररी कोणत्या फाइलींची बनते, तिला काय काय जोडावे लागते, ग्राहकाला कोणती हेडर द्यायची. दुसरे काम म्हणजे क्रम: आधी बिल्ड, मग चाचणी, मग झिप, मग सही. माहिती तीन ठिकाणी असणे हा आपला खरा आजार आहे. क्रम तीन ठिकाणी लिहिलेला असला तरी त्याने एवढे नुकसान होत नाही, कारण क्रमातील चूक लगेच दिसते, तर माहितीतील चूक सिन्नरला जाऊन दिसते.

ती माहिती मी सीमेकमध्ये ठेवीन. सीमेकची सुरुवात २००० साली वैद्यकीय प्रतिमांवर काम करणाऱ्या एका टूलकिटसाठी झाली, आणि त्या लोकांची गरज आपल्यासारखीच होती: युनिक्स आणि विंडोज या दोन्हींवर एकाच वर्णनावरून बिल्ड व्हावे. आपण जुनी उदाहरणे पाहून सुरुवात केलीत, तर सगळ्या प्रकल्पाला एकत्र लागू होणारे पर्याय जागोजागी दिसतील. ती पद्धत घेऊ नये. आता प्रत्येक लायब्ररीला 'टार्गेट' मानतात आणि तिच्या गरजा तिलाच चिकटवतात. त्यात आतल्यापुरत्या गरजांना 'प्रायव्हेट' आणि वापरणाऱ्यालाही लागणाऱ्या गरजांना 'पब्लिक' म्हणायचे असते. एसडीके बनवणाऱ्यासाठी हा भेद फार मोलाचा आहे, कारण आपण आत कोणती लायब्ररी वापरतो हे ग्राहकाच्या बिल्डमध्ये झिरपू नये, ही आपली जबाबदारी असते.

सोर्स फाइलींची नावे एकेक करून लिहावीत. फोल्डरमधील सगळ्या फाइली आपोआप उचलणारी 'ग्लॉब' आज्ञा आकर्षक वाटते, परंतु नवी फाइल आली तरी सीमेक पुन्हा चालवल्याशिवाय बिल्डला ती कळत नाही, आणि आपल्याला ज्या चुकीचा त्रास झाला तिचाच दुसरा प्रकार घरात येतो. सीरियल पोर्टसारख्या भागासाठी विंडोजची फाइल वेगळी आणि लिनक्स-मॅकची वेगळी असेल, तर कोणती घ्यायची हा निर्णयही या एकाच ठिकाणी होतो.

सेडची अडचण तर मुळातच राहत नाही. मॅकवरील सेडला 'हायफन आय' पर्यायानंतर राखीव प्रतीच्या नावाचा प्रत्यय द्यावाच लागतो, लिनक्सच्या सेडला तो ऐच्छिक आहे आणि दिलाच तर पर्यायाला चिकटून द्यावा लागतो. आपल्या स्क्रिप्टमध्ये 'हायफन आय'च्या पुढे 'हायफन ई' असणार. मॅकच्या सेडने त्यालाच प्रत्यय मानले आणि राखीव प्रती तयार केल्या. आवृत्ती क्रमांक सीमेकच्या 'प्रोजेक्ट' ओळीत एकदा लिहावा आणि हेडर 'कॉन्फिगर फाइल' या आज्ञेने नमुन्यावरून तयार करून घ्यावे. मग हेडर, डीएलएलची माहिती आणि झिपचे नाव या तिन्हींत तोच क्रमांक येतो.

आता सिन्नरच्या प्रसंगाबद्दल थोडे थांबून बोलतो. तोच लिंकर संदेश आणखी एका कारणाने येऊ शकतो, आणि आज नाही तर उद्या तो आपल्याला भेटेल. विंडोजवर डीएलएलमधील फंक्शन आपण स्पष्टपणे 'एक्स्पोर्ट' म्हणून खूण केल्याशिवाय बाहेर दिसत नाही. लिनक्सवर मात्र सगळी फंक्शन मुळातच बाहेर दिसतात. म्हणजे कोणी नवे फंक्शन लिहिले आणि खूण करायला विसरले, तर लिनक्सवरच्या सगळ्या चाचण्या पार पडतील आणि विंडोजवर ग्राहक अडकेल. उपाय असा, की लिनक्स आणि मॅकवरही दृश्यता 'हिडन' ठेवावी आणि एक्स्पोर्टची खूण सीमेककडून तयार होणाऱ्या हेडरमधून घ्यावी. मग विसरलेली खूण आपल्या मेजावरच्या लिनक्सवर पाच मिनिटांत पकडली जाते. विंडोजचे नियम अधिक कडक असतील तेथे तेच नियम सगळीकडे लावून घेणे, ही सवय मला फार उपयोगी पडली आहे.

बिल्डचे पर्याय 'प्रीसेट'च्या फाइलीत ठेवावेत. ही सोय सीमेक ३.१९ पासून, म्हणजे २०२० पासून आहे. विंडोज, लिनक्स, एआरएम आणि मॅक यांचे एकेक प्रीसेट लिहिले, की आपल्या मेजावरचा माणूस आणि रात्रीची आपोआप होणारी तपासणी दोघेही तेच नाव वापरतात. एका सापळ्याची आठवण करून देतो. व्हिज्युअल स्टुडिओचा जनरेटर एकाच वेळी डीबग (चुका शोधण्यासाठीची) आणि रिलीज (ग्राहकाला देण्याची) दोन्हींची तयारी करतो, त्यामुळे 'बिल्ड टाइप' हे चल तो वाचतच नाही. रिलीज हवे हे बिल्ड करताना सांगावे लागते. हे माहीत नसल्याने डीबगची डीएलएल ग्राहकाला गेल्याचे मी स्वतःच्या कामात पाहिले आहे. मी तिन्हीकडे निन्जा हे बिल्ड चालवणारे साधनच वापरतो, म्हणजे हा फरकच उरत नाही. फक्त विंडोजवर कंपायलरचे वातावरण तयार करणारी मायक्रोसॉफ्टची बॅच फाइल आधी चालवावी लागते.

किमान आवृत्तीची ओळ विचारपूर्वक लिहावी. मार्च २०२५ मध्ये आलेल्या सीमेक ४.० ने ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांशी असलेली सुसंगतता काढून टाकली. आपण आत वापरत असलेल्या एखाद्या जुन्या लायब्ररीच्या फाइलीत २.८ लिहिलेले असेल, तर नव्या सीमेकवर ती तेथेच थांबेल. तात्पुरती वाट म्हणून किमान धोरण आवृत्ती बाहेरून देता येते, पण ती लायब्ररी नव्या आवृत्तीवर नेणे हेच खरे काम आहे.

स्क्रिप्ट उरल्याच, तर त्या प्रत्येक प्रणालीसाठी दहा ओळींच्या असाव्यात, आणि त्यांत एकाही सोर्स फाइलीचे नाव नसावे.

उत्तर २
अंजनेरी (सातपूर)

माहिती सीमेकमध्ये ठेवावी या मताशी मी पूर्ण सहमत आहे. दहा ओळींच्या तीन स्क्रिप्ट याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. दहा ओळींच्या स्क्रिप्ट दहा ओळींच्या राहत नाहीत. एक जण झिपचा चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडा) काढायला चार ओळी घालतो, दुसरा डिजिटल सहीसाठी सहा घालतो, आणि दोन वर्षांत आपण पुन्हा आज आहात तेथे येता. बिल्डनंतरची कामे, म्हणजे झिप करणे, चेकसम, सही, झिपमधील फाइलींची यादी तपासणे, यांसाठी मी पायथनमध्ये एकच स्क्रिप्ट ठेवीन, आणि तिला प्रमाणित लायब्ररीबाहेरचे काहीही लागणार नाही याची काळजी घेईन.

पायथनचा मोठा फायदा अवतरणचिन्हांपाशी होतो. कंपायलरला किंवा सीमेकला द्यायचे शब्द पायथनच्या सबप्रोसेस या भागाला यादी म्हणून दिले, तर मध्ये शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) येत नाही, आणि 'प्रोग्राम फाइल्स' या नावातील मोकळी जागा कोणालाही अडवत नाही. बॅचमध्ये हीच गोष्ट सांभाळताना किती वेळ जातो, हे आपण ४०० ओळींत अनुभवले असेलच. यंत्राशेजारी अजून विंडोज ७ असलेले संगणक नाशिकमध्ये पुष्कळ आहेत, आणि पायथन ३.९ पासून पुढे विंडोज ७ वर चालत नाही; परंतु त्या संगणकांवर आपली डीएलएल चालायची असते, बिल्ड व्हायचे नसते, म्हणून ती अडचण येथे लागू होत नाही.

जी शेल स्क्रिप्ट ठेवाल, ती कोणत्या शेलसाठी आहे हे ठरवून ठेवावे. मॅकवर ॲपलने बॅश ३.२ वरच थांबवलेली आहे, कारण त्यापुढची बॅश जीपीएल या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली येते; आणि २०१९ च्या कॅटालिनापासून नव्या खात्याचे मूळ शेलही झेडशेल झाले. असोसिएटिव्ह ॲरे बॅश ४ मध्ये आला, म्हणून आपली यादी मॅकवर चालत नाही. दुसरीकडे उबंटूने ६.१० या आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून, साध्या 'एसएच'च्या जागी डॅश ठेवले आहे. त्यामुळे पहिल्या ओळीत 'एसएच' लिहून आत बॅशच्या दुहेरी कंसातील अटी वापरल्या, तर मॅकवर ते चालून जाते आणि उबंटूवर मोडते. ग्राहकाला देण्याच्या स्क्रिप्ट शुद्ध पॉझिक्स शेलमध्ये, म्हणजे या सगळ्या शेलना समजणाऱ्या प्रमाणित भाषेत, लिहाव्यात आणि शेलचेक या साधनातून रोज काढाव्यात.

'बॅड इंटरप्रिटर'चे कारण ओळीच्या शेवटी आहे. विंडोजवरील गिटने (सोर्सच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न घातला, आणि लिनक्सला पहिल्या ओळीतील शेलचे नाव त्या अदृश्य अक्षरासह वाचावे लागले. त्या नावाची फाइल कोठेच नसते. प्रत्येकाच्या संगणकावरील गिटच्या मांडणीवर विसंबू नये. गिटॲट्रिब्यूट्सची फाइल भांडारात ठेवून शेल स्क्रिप्टना एलएफ (कॅरेज रिटर्नशिवाय) आणि बॅच फाइलींना सीआरएलएफ (कॅरेज रिटर्नसह) असे बांधून टाकावे. ते भांडारासोबत सगळीकडे जाते.

आणखी एक. विंडोज आणि मॅकच्या फाइल सिस्टीम मुळात नावातील लहान-मोठे अक्षर वेगळे मानत नाहीत, लिनक्स मानते. हेडरचे नाव इन्क्लूडमध्ये मोठ्या अक्षराने आणि डिस्कवर लहान अक्षराने असेल, तर दोन ठिकाणी बिल्ड होईल आणि तिसरीकडे हेडर सापडणार नाही. म्हणून कोणताही बदल लिनक्सवर बिल्ड झाल्याशिवाय मुख्य शाखेत घेऊ नये.

गोदाकाठ (प्रश्नकर्ता)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गिटॲट्रिब्यूट्सची फाइल आजच घातली. एक्स्पोर्टच्या खुणेबद्दल वाचून डीएलएल तपासली, तर आणखी दोन फंक्शन खूण नसलेली सापडली; ती अजून कोणी वापरली नव्हती, म्हणून तक्रार आली नव्हती. पायथन की लहान स्क्रिप्ट यावर आमच्यातही दोन मते आहेत. आम्ही बिल्ड सीमेक प्रीसेटने आणि झिपचे काम पायथनने, असे ठरवत आहोत. एआरएम बोर्डांबद्दल कोणाचा अनुभव असल्यास कृपया सांगावा. एका ग्राहकाच्या बोर्डवर आमची नवी लायब्ररी 'ग्लिबसी २.३४ सापडले नाही' (ग्लिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी) असे सांगून उघडत नाही. जुनी लायब्ररी त्याच बोर्डवर चालते.

उत्तर ३
ब्रह्मगिरी (इंदिरानगर)

मी गेली काही वर्षे पॅनेलमधील बोर्डांवरच काम करतो, म्हणून या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपल्याकडे बिल्डचा संगणक मधल्या काळात नवा झाला असणार, किंवा त्यावरचे उबंटू २२.०४ किंवा त्यापुढचे झाले असणार. ग्लिबसी २.३४ ऑगस्ट २०२१ मध्ये आली आणि तिच्यात थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत मिसळली गेली. त्यामुळे २.३४ किंवा नंतरच्या ग्लिबसीवर बिल्ड केलेली आणि थ्रेड वापरणारी लायब्ररी त्या फंक्शनसाठी २.३४ ही आवृत्ती मागते. डेबियन ११ आणि उबंटू २०.०४ यांवर ग्लिबसी २.३१ आहे, ती मागणी तेथे पुरी होत नाही. उलट दिशेने अडचण येत नाही, कारण नवी ग्लिबसी जुन्या आवृत्तीच्या खुणा जपून ठेवते.

म्हणून लिनक्सची लायब्ररी नेहमी ग्राहकांकडील सर्वांत जुन्या प्रणालीवर बिल्ड करावी. त्यासाठी जुना संगणक सांभाळण्याची गरज नाही. डेबियन ११ चा कंटेनर, म्हणजे आहे त्याच संगणकावर चालणारे वेगळे बंदिस्त लिनक्स, पुरतो, आणि एआरएमसाठी त्याच कंटेनरमध्ये क्रॉस कंपायलर (दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी कंपाइल करणारा) घालून सीमेकला तो सांगणारी टूलचेन फाइल द्यावी. त्या टूलचेन फाइलीत शोधाचे मार्ग बोर्डच्या सिसरूटपुरते (बोर्डवरील लायब्ररींच्या प्रतीपुरते) बांधावेत, नाहीतर सीमेक बिल्डच्या संगणकावरील एक्स८६ प्रोसेसरची लायब्ररी शोधून आणतो आणि लिंकर गोंधळात टाकणारा संदेश देतो. पायथनच्या जगात हाच विचार मेनीलिनक्स या नावाने चालतो: त्यातील २०१४ ची पातळी सेंटओएस ७ वर, म्हणजे ग्लिबसी २.१७ वर बेतलेली आहे.

मॅक आणि विंडोजवर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मॅकवर 'डिप्लॉयमेंट टार्गेट' स्पष्ट लिहावे; ते लिहिले नाही तर आपल्या मॅकवर जी प्रणाली आहे तीच किमान ठरू शकते. नोव्हेंबर २०२० पासून ॲपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक आले, त्यामुळे इंटेल आणि एआरएम दोन्हींसाठी एकच लायब्ररी द्यायची असल्यास आर्किटेक्चरची यादी सीमेकच्या पहिल्या 'प्रोजेक्ट' ओळीच्या आधी ठरलेली असावी लागते. नंतर लिहिलेली धरली जात नाही. प्रीसेटमध्ये लिहिली की हा क्रम आपोआप सांभाळला जातो.

विंडोजवर रनटाइमकडे, म्हणजे प्रोग्राम चालताना लागणाऱ्या मूळ लायब्ररीकडे, लक्ष द्यावे. ग्राहकाचा प्रोग्राम आणि आपली डीएलएल वेगवेगळ्या रनटाइमवर असतील, तर आपण मागितलेली मेमरी त्याने मोकळी करणे धोक्याचे ठरते. आपले हेडर सीचे आहे, ही चांगली गोष्ट आहे. त्याच्या जोडीला हा नियम पाळावा, की आपल्या लायब्ररीने दिलेली प्रत्येक वस्तू आपल्याच लायब्ररीतील फंक्शनने परत घेतली जाईल. सी प्लस प्लसच्या स्ट्रिंग किंवा व्हेक्टर सीमेपलीकडे कधीही जाऊ देऊ नयेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुळात लिहायला बसलो ती सांगतो. आपली चाचणी बिल्डच्या फोल्डरमध्ये होते, आणि ग्राहक झिप वापरतो. या दोन वस्तू एक नाहीत. बिल्डच्या फोल्डरमध्ये सगळी हेडर असतात, आतली हेडरही असतात, आणि लायब्ररी शोधण्याचे मार्ग आपल्या संगणकाचे असतात. झिपमध्ये एक हेडर राहून गेले, लिनक्सच्या लायब्ररीत आरपाथ (इतर लायब्ररी शोधण्याचा आत लिहिलेला मार्ग) आपल्या फोल्डरचा राहिला, सीमेकच्या कॉन्फिग फाइलीत आपल्या संगणकाचा पूर्ण पत्ता उमटला, तरी आपल्या चाचण्या पारच पडतात.

म्हणून एक छोटा, स्वतंत्र 'ग्राहक प्रकल्प' लिहावा. त्यात एकच सी फाइल असावी. ती आपले हेडर घेते, हेडरमध्ये घोषित केलेले प्रत्येक फंक्शन एकदा तरी नावाने घेते, आणि आवृत्ती क्रमांक छापते. रात्रीची तपासणी झिप तयार करते, ती एका रिकाम्या फोल्डरमध्ये उघडते, त्या फोल्डरचे नाव बदलते, आणि मगच हा ग्राहक प्रकल्प सीमेकच्या 'फाइंड पॅकेज'ने बांधून चालवते. नाव बदलण्याची पायरी गाळू नये. कोठेतरी लपलेला पूर्ण पत्ता त्याच पायरीवर सापडतो. आपल्याकडे हा प्रकल्प असता, तर सिन्नरला आलेला लिंकर संदेश त्याच रात्री आपल्याच संगणकावर आला असता. सीचे फंक्शन नावाने घेण्यासाठी त्याचा पत्ता एका ॲरेमध्ये ठेवला तरी पुरते. उपकरण जोडलेले असण्याची गरज नाही.

पावसाळ्यात रात्री वीज जाते तेव्हाचा एक अनुभवही सांगतो. आमच्या बिल्डच्या संगणकाने अर्धवट लिहिलेली झिप एकदा पूर्ण झिप म्हणून पुढे गेली होती. तेव्हापासून झिप तात्पुरत्या नावाने लिहायची, चेकसम पडताळायचा आणि मगच त्याच डिस्कवर खरे नाव द्यायचे, अशी शिस्त आम्ही ठेवली आहे.

गोदाकाठ (प्रश्नकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. डेबियन ११ च्या कंटेनरमध्ये बिल्ड केलेली लायब्ररी त्या बोर्डवर उघडली. ग्राहक प्रकल्पाने पहिल्याच रात्री मॅकच्या झिपमधून गाळलेले एक हेडर दाखवून दिले. लिनक्स आणि मॅकची बिल्ड सीमेकवर गेली आहे.

विंडोजवर दोन गोष्टींसाठी थांबलो आहोत. जुनी बॅच फाइल बंद करायला धीर होत नाही, कारण नव्या बिल्डमधून तीच डीएलएल निघते आहे याची खात्री कशी करावी हे सुचत नाही. आणि एका सहकाऱ्याच्या संगणकावर सीमेकचे बिल्ड फाइल सापडत नाही असे सांगून थांबते, जरी ती फाइल तेथे आहे.

उत्तर ४
द्राक्षबाग (गंगापूर रोड)

दुसरी गोष्ट आधी सांगतो. सहकाऱ्याच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता मोजून पाहावा. विंडोजमधील पत्त्याची पारंपरिक मर्यादा २६० अक्षरांची आहे, आणि सीमेक आपल्या आतल्या फोल्डरांची नावे त्यात भर घालतो. विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून लांब पत्त्यांची सोय चालू करता येते, पण ती घेण्यासाठी प्रत्येक साधनानेही तशी तयारी जाहीर करावी लागते, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये. बिल्डचे फोल्डर सी ड्राइव्हच्या मुळाशी दोन-तीन अक्षरांच्या नावाचे ठेवावे. ते प्रीसेटमध्येच लिहिता येते. याच्याच जवळची दुसरी मर्यादा म्हणजे बॅचमधील एका आज्ञेची लांबी, जी ८१९१ अक्षरांपुरती आहे. निन्जा लांब याद्या रिस्पॉन्स फाइलीतून, म्हणजे वेगळ्या फाइलीत लिहून, देतो, त्यामुळे ती आपोआप टळते.

दोन डीएलएल बाइटशः एकसारख्या असण्याची अपेक्षा करू नये, कारण त्यांत वेळेचा शिक्का असतो. दोन गोष्टी जुळवाव्यात. व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणाऱ्या डंपबिनने दोन्ही डीएलएलमधील एक्स्पोर्टच्या याद्या काढून, क्रम लावून, त्यांतील फरक पाहावा. आणि त्याच साधनाने त्या कोणत्या डीएलएलवर अवलंबून आहेत हे पाहावे. दुसऱ्या यादीत डीबग रनटाइमचे नाव दिसले, तर प्रीसेटमध्ये चूक आहे. एक्स्पोर्टमध्ये आपण मुद्दाम वाढवलेल्या नावांखेरीज फरक नसला, की पुढच्या एका प्रकाशनापुरत्या दोन्ही पद्धती रोज चालवाव्यात, ग्राहकाला झिप नव्या पद्धतीची द्यावी आणि बॅच फाइल त्या प्रकाशनानंतर भांडारातून काढून टाकावी. गिटच्या इतिहासात ती राहतेच.

मॅक एकच असण्याबद्दलचा आपला सुरुवातीचा प्रश्न उत्तराविना राहिला होता. तो मॅक कोणाच्या मेजावर न ठेवता फक्त रात्रीच्या तपासणीला द्यावा. दिवसा कोणाला हवा असल्यास तो दूरून वापरता येतो. भाड्याच्या तपासणी यंत्रणेवर मॅक घेतलात, तर 'लेटेस्ट' हे नाव लिहू नये. त्या नावामागची प्रणाली यंत्रणा चालवणारे बदलतात, आणि तेथील आता मिळणारे मॅक बहुतेक एआरएमचे आहेत. आवृत्तीचे नाव पूर्ण लिहावे, आणि इंटेलचा भाग त्याच मॅकवर रोझेटामधून (एआरएम मॅकवर इंटेलचे प्रोग्राम चालवणाऱ्या ॲपलच्या सोयीतून) चालवून तपासावा.

गोदाकाठ (प्रश्नकर्ता)

पत्ता मोजला, २७१ अक्षरे निघाली. बिल्डचे फोल्डर हलवल्यावर काम झाले. एक्स्पोर्टच्या यादीत तीनच नावे वाढलेली दिसतात: गेल्या महिन्यातील नवे फंक्शन आणि खूण राहून गेलेली ती दोन. उद्यापासून दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवत आहोत.